घरी परतायची वाट आधी बघ

‘ताई, मी २७ वर्षांची. गिरगावात चाळीत वाढले. दोन खोल्या, आई-बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. आता बर्लिनमध्ये नोकरी मिळाली आहे, ऑफिस आडलर्सहोफला. पहिला एक महिना राहायची सोय कंपनी करणार, पुढचं घर मी शोधायचं. मला नाच आवडतो, संगीत आवडतं, रात्रीचं शहर बघायचं आहे. इथे ते कधी जमलंच नाही. मैत्रीण म्हणते फ्रीड्रिशहाइनला राहा, सगळे क्लब हाकेच्या अंतरावर. ऑफिसातला एक सहकारी म्हणतो प्रेन्त्सलाउअर बेर्ग बघ, सभ्य वस्ती आहे. आई म्हणते, रात्री बाहेर पडायचंच कशाला? घर निवडताना नाइटलाइफचा विचार करणं चूक आहे का? आणि चूक नसेल, तर मी राहू कुठे?’

प्रिय गिरगावकर मुली,

चूक अजिबात नाही. हे पहिल्यांदा सांगते, कारण तुझ्या पत्रात तो प्रश्न शेवटी आला असला तरी मनात तोच सगळ्यांत वर असणार. मीही चाळीतलीच. रात्री साडेअकराला जिना चढताना कुठली पायरी वाजते हे पाठ असायचं, आणि तरीही पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत सकाळी सगळ्यांना ठाऊक असायचं की काल हिला उशीर झाला. त्या माणसांनी आपल्याला जीव लावून वाढवलं, पण रात्र काही आपल्या वाट्याला आली नाही. कुणाला समुद्र दिसणारी खिडकी हवी असते, कुणाला शाळेजवळचं घर. तुला रात्र जवळ हवी आहे. हे कारण इतर कुठल्याही कारणाइतकंच सरळ आहे आणि ते लपवून घर शोधशील तर चुकीचं घर मिळेल.

आता घराचं. तुझी मैत्रीण सांगते ते मी करून बसले आहे. फ्रीड्रिशहाइनमध्ये झिमोन-डाख-श्ट्रासेच्या एका आडगल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूची खोली. सात महिने. पहिले तीन आठवडे मी खिडकीत उभी राहून खालची गर्दी बघत होते आणि वाटत होतं, पोहोचलो आपण. मग नोकरी अंगावर आली. बुधवारी सकाळी नऊला मीटिंग आणि मंगळवारी रात्री दोनला खाली कुणीतरी गिटार काढलेली. रस्ता दगडी फरशीचा. पहाटे चारला विमान पकडायला निघालेल्या पर्यटकांच्या ट्रॉली बॅगांची चाकं त्या दगडांवरून जाताना जो आवाज होतो, तो बंद खिडकीतून थेट उशीत येतो. रविवारी सकाळी पाव आणायला उतरलं की दारात फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. चौथ्या महिन्यानंतर मी नाचायला जाणंच सोडलं होतं. शुक्रवार आला की झोप भरून काढायची असायची. क्लब सात मिनिटांवर होते आणि मी घरात कानात बोळे घालून पडले होते.

हे सांगायचं कारण असं, की बर्लिनची रात्र आपल्या रात्रीसारखी चालत नाही. आपल्याकडे रात्र म्हणजे घड्याळाशी शर्यत. चर्चगेटहून एकच्या सुमाराला शेवटची लोकल सुटली की पहाटे चार उलटेपर्यंत काही नाही, म्हणून साडेबाराला कितीही रंग भरलेला असो, पाय स्टेशनकडे वळतात. बर्लिनच्या पश्चिम भागात बार-क्लब बंद करायच्या वेळेचं बंधन १९४९ साली उठलं. पुढे १९८९मध्ये भिंत पडली आणि पूर्वेकडच्या ओस पडलेल्या गोदामांत, वीजघरांत, तळघरांत टेक्नो संगीत शिरलं. लोअर परळला गिरण्यांच्या आवारात पब आले तसंच काहीसं, फक्त तिथे सुरुवात पैसेवाल्यांनी नाही, रिकाम्या खिशाच्या पोरांनी केली. त्या संस्कृतीची नोंद २०२४च्या मार्चमध्ये जर्मनीने आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. तर अशा क्लबात रात्री दहाला जाऊन तुला फक्त झाडलोट दिसेल. खरी गर्दी एक-दोनच्या पुढे, आणि मोठ्या ठिकाणी शनिवारी सुरू झालेलं रविवारभर चालतं, काही ठिकाणी सोमवारी सकाळपर्यंत. मला स्वतःला सगळ्यांत आनंद दिलेले नाच रविवारी दुपारचे आहेत. रात्री नीट झोपायचं, सकाळी पोटभर खायचं, बाराच्या सुमाराला जायचं, अंधार पडताना घरी, सोमवारी वेळेवर ऑफिसात. आईला फोनवर ‘नाचायला चाललेय’ म्हटलं तेव्हा मुंबईत दुपारचा चहा चालला होता. ती काही बोललीच नाही.

म्हणजे क्लबच्या शेजारी राहायची गरजच उरत नाही. गरज आहे ती क्लबपासून घरापर्यंत एका गाडीची. घर बघताना क्लब किती जवळ हे बघू नकोस. रात्री परतायची वाट आधी बघ.

ती वाट आठवड्याच्या दिवसांवर बदलते आणि नवीन माणूस इथेच फसतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री तिथली भुयारी गाडी, ऊ-बान, आणि वरून धावणारी एस-बान रात्रभर चालू असतात. इतर रात्री ऊ-बान एकच्या सुमाराला थांबते आणि चार-साडेचारला सुरू होते. मधल्या वेळात त्याच मार्गावर रात्रीच्या बस धावतात. ऊ-आठच्या जागी एन-आठ, ऊ-सातच्या जागी एन-सात. बस असतातच, पण नोव्हेंबरात मंगळवारी रात्री दीडला हेर्मानप्लात्सच्या थांब्यावर, हातमोजे घरी विसरलेले असताना, अर्धा तास म्हणजे काय हे मला विचार. त्या रात्री बरोबरच्या तिघी चालत घरी गेल्या आणि मी एकटी उरले. म्हणून घर पसंत करण्याआधी फोनमध्ये दोन वेळा टाकून बघायच्या: शनिवारी पहाटे चार आणि मंगळवारी रात्री दीड. दोन्ही वेळी एका गाडीने, फार तर एक बदलून, पाऊण तासात घर येत असेल तर पुढे बोलायचं. आणि थांब्यापासून दारापर्यंतचा रस्ता स्वतः चालून बघ, अंधारात. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा अंधार बघायला रात्रीची वाट पाहावी लागत नाही.

आता वस्त्या. प्रेन्त्सलाउअर बेर्गबद्दल तुझा सहकारी खोटं सांगत नाही. बाबागाड्या, सुंदर जुन्या इमारती, रविवारी माउअरपार्कचा बाजार. पण तिथली एक गोष्ट मला फार लागते. क्नाक नावाचा क्लब तिथे १९५२पासून होता. शेजारी नवी घरं झाली, नव्या रहिवाशांनी आवाजाची तक्रार केली आणि २०१०च्या अखेरीस तो बंद पडला. त्या लोकांना झोप हवी होती, त्यात त्यांचंही चुकलं नाही. फक्त त्यांनी घर चुकीच्या जागी घेतलं. आपल्या झोपेपायी कुणाची तरी पन्नास वर्षांची जागा बंद व्हावी, अशा घरात तू राहू नयेस असं मला मनापासून वाटतं. शिवाय तुझं वय आणि तुझी हौस बघता तिथे तुला रात्री नऊनंतर चुकल्यासारखं होईल.

क्रॉइट्सबेर्ग रात्रीचं काळीज आहे. ओरानिएनश्ट्रासे, कॉटबुसर टोरचा नाका. १९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार आले आणि इथे वसले, जसे कोकणातून गिरणीकामगार लालबाग-परळला आले. जेवायला, भाजीला, माणसांत मिसळायला इतकी मोकळी वस्ती विरळा. पण कॉटबुसर टोरच्या स्टेशनात अमली पदार्थांचा व्यवहार उघड्यावर चालतो. २०२३च्या फेब्रुवारीत तिथे पोलीस चौकी बसवली गेली. जवळच्या ग्योरलित्सर पार्कमधून रात्री आडवं जायचं नाही, बाहेरून वळसा घालायचा. विकणारे हाक मारतात, ‘नो’ म्हणून पुढे चालत राहिलं की सहसा मागे लागत नाहीत. तरी रोज रात्री तेच पार करून घरी येणं मनाला थकवतं. तिथे नाचायला जा, खायला जा. राहू मात्र नको, निदान पहिलं वर्ष.

वेडिंगला भाडी त्यातल्या त्यात बरी, पण आडलर्सहोफच्या पार दुसऱ्या टोकाला. शार्लोटेनबुर्ग छान, शांत आणि तुझ्यासाठी लांब.

मी तुझ्या जागी असते तर नॉयकोल्नचा जुना भाग बघितला असता. रिक्सडोर्फ म्हणतात त्याला. १७३७मध्ये बोहेमियातून धर्मापायी परागंदा झालेल्या लोकांना इथे जमीन मिळाली आणि त्यांनी खेडं वसवलं. शहर चहूबाजूंनी वाढलं तरी मधला रिशार्डप्लात्स तसाच राहिला. लोहाराची जुनी भट्टी, बुटकी घरं, झाडं, दगडी वाट. तुला हे समजावायला मला फार शब्द लागणार नाहीत, कारण तुझ्या घरामागेच खोताची वाडी आहे. शंकरशेट रोडवरच्या बसगाड्या, हातगाड्या, हॉर्न, आणि एक वळण घेतलं की लाकडी गॅलऱ्या आणि कुणाच्या तरी पितळी भांड्यांचा आवाज. अगदी तसं. कार्ल-मार्क्स-श्ट्रासेच्या कोलाहलातून पाच मिनिटं आत चाललं की आवाज गळून पडतो.

आणि वाट बघ कशी जमते. नॉयकोल्न स्टेशनवरून एस-४६ थेट आडलर्सहोफला, पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर. वेजरश्ट्रासेचे छोटे बार चालत जाण्यासारखे. तिथून परतायला गाडीही लागत नाही. क्रॉइट्सबेर्गहून यायचं तर ऊ-आठने हेर्मानप्लात्स, तिथे खालच्या फलाटावरून ऊ-सात, दोन स्टेशनं. फ्रीड्रिशहाइनच्या क्लबांकडून ओस्टक्रॉइत्सला येऊन गोल फिरणारी रिंगबान पकडली की तिसरं स्टेशन तुझं. झोनेनआलेवर अरबी दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, त्यामुळे रस्ता निर्मनुष्य नसतो, आणि कोथिंबीर, भेंडी, लिंबं तिथे मिळतात. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याकाठी मायबाखउफरला बाजार भरतो. हासेनहायडे बागेच्या कडेला गणपतीचं देऊळही आहे. हे आजीला सांग. आपल्या रंगाच्या माणसाकडे या भागात कुणी वळून बघत नाही, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटलं होतं.

रिक्सडोर्फला नाहीच मिळालं तर आल्ट-ट्रेप्टो, कार्ल-कुंगर-श्ट्रासेच्या आसपास. नदी जवळ, बाग जवळ, ट्रेप्टोअर पार्कवरून तुझ्या ऑफिसला सरळ एस-बान. रिक्सडोर्फपेक्षा थोडं झोपाळू, पण क्रॉइट्सबेर्ग कालव्यापलीकडेच.

वस्तीइतकंच महत्त्वाचं, घर इमारतीत कुठे आहे. तिथल्या जुन्या इमारती आपल्या चौकाच्या चाळीसारख्या असतात: रस्त्याला लागून पुढचं घर, मग बोळ, मग आतला चौक, त्याला लागून मागचं घर. त्या मागच्या घराला हिंटरहाउस म्हणतात. जाहिरातीत हा शब्द दिसला की ती आधी उघड. माझं रिक्सडोर्फचं घर तसंच होतं. पहाटे पाचला परत यायचे, रस्त्यावरचं जड दार ढकलायचे. आत बोळात सायकली, निळे-पिवळे-तपकिरी कचऱ्याचे डबे, ओल्या भिंतीचा वास. मागे दार मिटलं की रस्ता गेला. चौकात एक चेस्टनटचं झाड, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांच्या खिडकीत दिवा. ते लवकर उठायचे. त्यांच्या कपातला चमचा खाली ऐकू यायचा. ऊन कमी येतं तिथे, हे खरं. खालचे मजले टाळ, तिसरा-चौथा घे, लिफ्ट नसली तरी चालेल. चाळीतल्या पायांना जिना कळतो.

उलट बाजूही लक्षात ठेव. त्या शांततेची किंमत तुलाही भरायची आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही, आणि रविवार संपूर्ण दिवस: भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत. मैत्रिणींना घरी बोलावलंस तर आधी जिन्यात चिठ्ठी लावायची. हे नियम ऐकून गुदमरू नकोस. आपल्याकडे झोप मागायला हात जोडावे लागतात, तिथे ती हक्काने मिळते.

कागदपत्रांत मी भाजले आहे, म्हणून सांगते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची लेखी पावती लागते, की ही माझ्या घरी राहते. माझ्या पहिल्या घराच्या माणसाने ती द्यायला टाळाटाळ केली, आज देतो, उद्या देतो. त्या कागदावाचून कराचा क्रमांक नाही, बँकेत खातं उघडताना अडचण, आणि पहिल्या पगारातून कर जास्त कापला गेला. तेव्हा खोली बघायला गेल्यावर आवाज, ऊन, भाडं या सगळ्याच्या आधी एकच विचार: आनमेल्डुंग मिळेल का? उत्तरात ‘बघू’ आलं की चप्पल घालायची.

भाडं दोन प्रकारे सांगतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे पाणी, हीटिंग, इमारतीचा खर्च धरून. तुझ्या हिशेबात दुसरा आकडा धर. एकदम स्वतंत्र घर मिळणं आता फार कठीण. दोघी-तिघींत एक फ्लॅट, ज्याला तिथे वेगे म्हणतात, तिथून सुरुवात कर. रिंगबानच्या वर्तुळाच्या आत चांगल्या खोलीला महिन्याला ६०० युरो आणि पुढे. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. दलालीसुद्धा २०१५पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची, म्हणजे बहुधा मालकाने. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असं कुणी लिहिलं तर उत्तरही देऊ नकोस. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरो नाही. कंपनीचा महिना अपुरा पडला तर दोन-तीन महिन्यांची तात्पुरती खोली घे, तिला झ्विशेनमीटे म्हणतात, पण घाबरून वर्षाचा करार करू नकोस.

आता आई. तिच्या ‘कशाला’मागे भीती आहे, तेव्हा उत्तर भीतीला दे. तिला परतीचा रस्ता दाखव: नकाशावर स्टेशन, दार, मधली उघडी दुकानं. सांग की पहिले काही महिने कुणातरी बरोबर जाशील आणि कुणातरी बरोबरच परतशील. हे नुसतं सांगू नकोस, पाळ. पेला हातातून खाली ठेवलास तर तो गेला, नवा घे. बऱ्याच क्लबांत मदतीला वेगळी माणसं असतात, अवेअरनेस टीम म्हणतात त्यांना. आत गेल्यावर ती कुठे उभी आहेत ते बघून ठेव. दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तो काढायचा नाही. आणि दारावरचा माणूस कधी कधी कारण न देता परत पाठवतो. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. शेजारच्या गल्लीत दुसरं दार असतं.

तिकिटाचंही सांगून ठेवते: स्टेशनात फाटक नाही, तपासनीस साध्या कपड्यांत येतात, दंड ६० युरो. सगळ्या देशात चालणारा मासिक पास २०२६पासून ६३ युरोंचा आहे. बऱ्याच कंपन्या त्यातला वाटा उचलतात. तुझ्या कंपनीला सही करायच्या आधी विचार.

खोली ठरली की पहिल्याच संध्याकाळी एक काम कर. तिथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन फक्त आडनाव शोधतो. बँकेचं कार्ड, कराचा क्रमांक, सगळं टपालानेच येतं आणि पेटीवर नाव नसेल तर परत जातं. जाताना चिकटपट्टी आणि जाड काळं पेन घेऊन जा, खालच्या पेटीवर आणि बेलवर, घरातल्या इतर नावांखाली, तुझं आडनाव मोठ्या अक्षरांत लिही. मग वर जा आणि दार लावून घे.

तुझी,
ताई